हात्सुएताईचा उभा कागद

आमच्या घरात भांडणाचा सगळा वाटा माझ्याकडे आला आणि गप्प बसण्याचा सगळा ताईकडे. आई म्हणायची, देवाने जरा नीट वाटणी केली असती तर दोन्ही पोरी बऱ्या निघाल्या असत्या. मी सायो, धाकटी. आयुष्यभर केस कापायचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकांशी भांडले, नवऱ्याशी भांडले, वॉर्डाच्या कचेरीत तर हौसेने भांडायला जायची. आणि हात्सुएताई? तिने कधी कुणाला "जरा सरका" म्हटलेलं मला आठवत नाही.

एकदा तिच्या न्हाणीघरात वरच्या घरातून पाणी गळायला लागलं. ही खाली बादली ठेवून मोकळी झाली. पुढे मी गेले तेव्हा बादलीच्या जोडीला एक पातेलंही आलं होतं. मी म्हटलं, अगं, वर जाऊन सांगत का नाहीस? तर म्हणे, त्यांच्याकडे तान्हं बाळ आहे, बिचारीला जागरणं होत असतील. शेवटी मीच वर गेले आणि जिन्यात सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं बोलले. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्यावर ताई माझ्यावर रागावली, म्हणजे पुढचे काही दिवस माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलत राहिली. तिचा राग तसाच असतो.

तोक्योच्या अदाची भागातल्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं काढली. पाचशे मुलांचं दुपारचं जेवण. कढई एवढी मोठी की त्यात मी आरामात बसले असते, आणि उलथणं होडीच्या वल्ह्याएवढं. ताईचे दंड माझ्या नवऱ्याच्या दंडांपेक्षा जाड होते. सुट्टी घ्यायची नाही, कारण आपण सुट्टी घेतली की दुसरीवर भार पडतो. तिचा नवरा गेला तेव्हासुद्धा शाळेत फोन करून आधी माफी मागितली आणि मग सांगितलं, की नवरा गेला.

तिचा एकच नाद होता, कुंचल्याने मोठी अक्षरं लिहिण्याचा. दर गुरुवारी संध्याकाळी वॉर्डाच्या सभागृहात एक म्हातारे मास्तर शिकवायचे. तिथे ती जायला लागली तेव्हा तात्सुरो, तिचा मुलगा, शाळेत होता. सुरुवातीला वीतभर कागद, मग हातभर, आणि पुढे ती प्रदर्शनासाठी लिहायला लागली. आमच्याकडे ही अशी मंडळं असतात. वर्षातून एकदा ती शहरातल्या मोठ्या कलासंग्रहालयाची दालनं भाड्याने घेतात, हजारो हौशी माणसं आपापलं लिखाण पाठवतात, परीक्षक त्यातलं निवडतात, आणि निवडलेलं आठवडाभर भिंतीवर लागतं. त्यासाठी लागणारा कागद दीड माणूस उंच असतो.

ताईच्या घरात एवढी जागा कुठली? ती स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंतच्या बोळात कागद अंथरायची. तरी तो उरायचा. मग दार उघडं ठेवायचं आणि कागदाचं शेपूट बाहेर, चपलांच्या पलीकडे सोडायचं. तात्सुरो शाळेतून आला की दप्तर घेऊन बाहेर कठड्याला टेकून उभा, कारण आत पाऊल टाकायला जागा नाही. ताई गुडघ्यांवर बसून तीन-चार अक्षरं लिहायची, शाई वाळली की कागद पुढे ओढायची, परत तीन-चार अक्षरं. पूर्ण झालेला कागद तिला एका नजरेत कधी दिसायचाच नाही. उभा टांगावा तर छत कमी पडतं. वर खिळा मारला तरी खालचा हातभर भाग जमिनीवर लोळेल. तसा कागद उभा राहू शकतो तो संग्रहालयाच्या भिंतीवरच.

आणि तिथे तिचा कागद कधी लागला नाही. दरवर्षी पाठवायची, दरवर्षी नाकारल्याचं कार्ड यायचं. मग प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी ती एकटीच जाऊन इतरांचे कागद बघून यायची. एकदा मी विचारलं, शेवटच्याच दिवशी का? म्हणाली, ज्यांचं लागलंय त्यांचे नातेवाईक आधीचे दिवस येतात, त्यांच्या मध्ये कशाला जायचं.

या वर्षी नववर्षाच्या आधी तिने कागद पाठवला. जानेवारीत एका सकाळी ती बोळात पडलेली सापडली. उजवं अंग गेलं. बोलणं जड झालं, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. आणि मार्चमध्ये, ती हाताची बोटं उघडायला शिकत असताना, घरी कार्ड आलं. या वेळी निवड झाली होती.

मी ते कार्ड घेऊन पुनर्वसन रुग्णालयात गेले. तिने डाव्या हातात धरून किती वेळ बघितलं. मग आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. तो हात मांडीवर पडला होता आणि आता कधी कुंचला धरणार नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं आणि तिलाही कळलं होतं. मला रडू आलं. ती नाही रडली. तिने मला जवळ बोलावून विचारलं, "उभा दिसेल?"

एवढंच. उभ्या आयुष्यात तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही प्रश्नासारखी.

तात्सुरो नागोयाला नोकरी करतो. तो आणि त्याची बायको कानाए, दोघांनाही एकदम सुट्टी मिळाली ती नेमकी प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, रविवारी. रुग्णालयाने त्या दिवसापुरतं बाहेर न्यायची परवानगी दिली. त्यानंतरच्या आठवड्यात ताईला नागोयाजवळच्या वृद्धाश्रमात हलवायचं ठरलं होतं, तात्सुरोच्या घरापासून जवळ. तोक्योला ती परत येईल असं कुणी म्हणत नव्हतं. म्हणजे जे काही व्हायचं ते त्याच दिवशी व्हायला हवं होतं.

तात्सुरो पोरगा वाईट नाही. पण आईसाठी काही करायचं म्हटलं की त्याला ते पूर्ण, यथासांग करायचं असतं. आई रुग्णालयाचं मिळमिळीत खाऊन वाळली, तिला भाजलेली वाम मासळी खाऊ घालू, असं त्याने ठरवलं. दाराला पायरी नसलेलं, व्हीलचेअर टेबलाखाली जाईल असं वामीचं उपाहारगृह त्याने फोन करकरून शोधलं, बारा वाजताची जागा राखून ठेवली. आधी जेवण, मग संग्रहालय. त्याने आईला योजना सांगितली तेव्हा ती वाकली आणि म्हणाली, "त्रास झाला तुला."

मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मीही वामीच्या नावाने खूश होते.

रविवारी सकाळी ऊन कडक होतं. मे महिना संपत आला होता. कानाएने थर्मासमध्ये बार्लीचा थंड चहा आणला होता. परिचारिकेने बजावलं होतं की मधूनमधून पाजत राहा. ताई पेला ओठाला लावायची, मान डोलवायची आणि परत द्यायची. पेला तसाच भरलेला. मी ओळखलं. म्हटलं, ताई, तुला संडास-लघवीची भीती वाटतेय ना, कानाएला करावं लागेल म्हणून? ताईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर रस्त्यात तिचे कपडेच ओढले. कानाए म्हणाली, आई, मला काही वाटणार नाही. ताई परत वाकली. आणि चहा तसाच राहिला.

स्टेशनवर व्हीलचेअर घेऊन जाणाऱ्यांना माहीत असतं, तुम्ही फलाटावर गेलात आणि गाडीत चढलात असं होत नाही. स्टेशनचा माणूस घडीची फळी आणतो, गाडी आणि फलाटामध्ये टाकतो. पण त्याआधी तो उतरायच्या स्टेशनला फोन करतो, तिथे दुसरा माणूस फळी घेऊन उभा असला तरच तुम्हाला चढवतो. त्या दिवशी तिथला माणूस दुसऱ्या कुणाच्या खुर्चीपाशी अडकला होता. आमच्या डोळ्यांदेखत एक गाडी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. आमचा माणूस प्रत्येक वेळी कमरेत वाकून माफी मागायचा, आणि त्याने माफी मागितली की ताई खुर्चीतल्या खुर्चीत त्याची माफी मागायची. दोघांचं ते चाललेलं बघून माझा जीव मेटाकुटीला आला.

वामीच्या उपाहारगृहात पोचलो ते उशिराच. आणि वाम म्हणजे काही नूडल्स नाहीत. मागणी दिल्यावर ती चिरतात, वाफवतात, निखाऱ्यांवर भाजतात. गिऱ्हाइकाने लवकर करा म्हणणं म्हणजे आपण गावंढळ आहोत हे जाहीर करणं. आम्ही बसलो. तात्सुरो आईला नागोयातल्या खोलीबद्दल सांगत होता, खिडकीतून चेरीचं झाड दिसतं वगैरे. ताई ऐकत होती आणि तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर जात होती. तिथे घड्याळ होतं. मी विचारलं, दमलीस? तिने मान हलवली. औषधाची वेळ झाली का? नाही.

वाम आली. ताईने डाव्या हाताने, चमच्याने, एकेक घास करून सगळी खाल्ली. भाताचं शीतसुद्धा ठेवलं नाही. मुलाने मागवलेलं टाकायचं कसं? तात्सुरोचा चेहरा फुलला होता. त्याने खरबूज मागवलं. ताईने ते येईपर्यंत घड्याळाकडे परत एकदा बघितलं आणि मग बघायचंच सोडलं. खरबुजाच्या फोडीही तिने खाल्ल्या.

संग्रहालय टेकडीवर, बागेत आहे, प्राण्यांच्या बागेला लागून. पायऱ्या चढून गेलं तर दम लागायच्या आत पोचतो माणूस. खुर्चीला मात्र बाजूची लिफ्ट. ती लिफ्ट एवढीशी आणि समोर बाबागाड्यांची रांग. रविवार, ऊन, सगळ्या पोरांना प्राणी बघायला न्यायचं होतं. आमचा नंबर आला तेव्हा मागची एक बाई रडणारं बाळ थोपटत होती. ताईने डावा हात उचलून तिला खूण केली, आधी तुम्ही. मी म्हटलं, ताई, गप्प बस. पण ती बाई वाकून वाकून आभार मानत आत गेली सुद्धा. मग दुसरी एक जुळी घेऊन. ताईने तिलाही जाऊ दिलं.

वर पोचल्यावर झाडांच्या रस्त्यावर कानाए एकदम थांबली. ताईची मान एका बाजूला कलली होती. ओठ पांढरे, कपाळ कोरडं आणि तापलेलं. आदल्या रात्रीपासून घोटभर पाणी पोटात नव्हतं, आणि वरून ती खारट वाम. आम्ही खुर्ची सावलीत ओढली. कानाएने ओला रुमाल मानेवर ठेवला, मी हनुवटी धरून चहा पाजला. तात्सुरो म्हणाला, रुग्णवाहिका बोलवू, झालं संग्रहालय, आईचा जीव महत्त्वाचा. तो फोन काढत होता तेवढ्यात ताईने डोळे उघडले. माझ्या हातातला पेला धरला आणि भराभर प्यायली. दुसरा पेला प्यायली. तिसरा. मग संग्रहालयाच्या दिशेला हनुवटी केली.

"चला."

तात्सुरो नको म्हणत होता. मी त्याच्या हातातून खुर्चीच्या मुठी ओढून घेतल्या आणि ढकलायला लागले.

संग्रहालयाच्या दाराशी हिरवळीवर लोक डबे खात बसले होते. आत गारवा होता. मला एकदम बरं वाटलं, म्हटलं पोचलो बाई एकदाचे. प्रदर्शनाच्या दालनाच्या दाराशी मंडळाची पाटी होती आणि पाटीवर एक कागद चिकटवलेला होता. आज शेवटचा दिवस, दोन वाजेपर्यंत. दारावरच्या माणसामागच्या घड्याळात दोन केव्हाच वाजून गेले होते.

तात्सुरोने तो कागद परत परत वाचला. तो म्हणाला, संग्रहालय तर साडेपाचपर्यंत उघडं असतं. दारावरचा माणूस हातमोजे घातलेले हात मांड्यांवर ठेवून वाकला. संग्रहालय उघडं आहे, पण शेवटच्या दिवशी कागद उतरवायचे असतात, म्हणून प्रदर्शन लवकर बंद होतं. दरवर्षीच असं असतं, फार फार क्षमस्व.

दरवर्षीच. आम्ही तिघांनी एकदमच ताईकडे बघितलं. दरवर्षी शेवटच्या दिवशी इथे येणारी आमच्यात एकच होती.

तात्सुरो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "आई, तुला माहीत होतं?"

ताईने मान खाली घातली.

"मग सांगितलं का नाहीस? वाम काय पळून जाणार होती?"

"तू," ताई म्हणाली, आणि पुढचा शब्द यायला वेळ लागला, "जागा... राखली होतीस."

मला सांगायला लाज वाटत नाही, त्या क्षणी मला तिला थोबाडीत मारावीशी वाटली. रुग्णालयातून निघाल्यापासून ती मनातल्या मनात वेळ मोजत होती. फलाटावर, उपाहारगृहात, लिफ्टपाशी, प्रत्येक ठिकाणी एक वाक्य बोलली असती तर पुरे होतं. बोलली नाही, कारण मुलाचा हिरमोड होईल, स्टेशनवाल्याला वाईट वाटेल, कुणाचं बाळ रडेल. आणि हेही खरं की तिला असं व्हायला आम्ही सगळ्यांनीच मदत केली होती. तिच्यासारखं माणूस घरात असलं की बाकीच्यांचं फार सोयीचं होतं.

तात्सुरोने दारावरच्या माणसाला विनवलं. त्याने आत फोन लावला. मंडळाचे चिटणीस आले, छातीला फीत लावलेले, घामाघूम. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्चीपुढे वाकले, ताईचं अभिनंदन केलं. मग म्हणाले, आत शिड्या लागल्यात, चौकटी उतरतायत, कुणाच्या डोक्यात पडली तर? बाहेरच्यांना आत न्यायची परवानगी मलाही नाही. कागद कुरियरने घरी येईलच. आणि पुस्तिकेत फोटो आहे. त्यांनी पुस्तिका उघडून दाखवली. आगपेटीएवढ्या चौकोनात काहीतरी काळं-पांढरं होतं.

तात्सुरो वाकला. त्रास दिल्याबद्दल माफी मागितली. आईला म्हणाला, "घरी आला की जमिनीवर पसरून बघू आपण. सगळा बोळ मोकळा करू."

जमिनीवर. तिने तो जमिनीवरच बघितला होता, सगळं आयुष्य.

मी तोंड उघडलं होतं. चिटणिसांना जे काय ऐकवायचं ते जिभेवर तयार होतं. तात्सुरोने खुर्ची वळवायला घेतली, ती अर्धी वळली, दारात आडवी झाली आणि तिथेच थांबली. त्याने जोर लावला. चाकं हलेनात.

"ब्रेक लागलाय," कानाए म्हणाली आणि वाकून बघायला लागली. ब्रेकच्या दांड्यावर ताईचा डावा हात होता, मूठ आवळलेली.

"मी लावलाय," ताई म्हणाली.

आतून दोन कारागीर ढकलगाडी घेऊन आले. गाडीवर चौकटी उभ्या रचलेल्या. आम्हाला बघून थांबले. त्यांच्यामागे दुसरी गाडी येऊन थांबली, तिच्यामागे गुंडाळ्या खांद्यावर घेतलेला एक जण. पुढच्या दालनांतलं सामान बाहेर न्यायला तेवढंच एक दार होतं आणि त्यात माझी बहीण आडवी बसली होती.

तात्सुरोचा चेहरा लाल झाला. तो कारागिरांना वाकला, चिटणिसांना वाकला, कानाएही वाकायला लागली. मग तो आईच्या कानाशी गेला. "आई, सोड. लोकांना त्रास होतोय."

"होऊ दे."

तिने हे काही मोठ्याने म्हटलं नाही. तिला मोठ्याने म्हणताही येत नाही. पण सगळ्यांना ऐकू गेलं. आतल्या गाड्यांमागे आणखी माणसं जमली, मागून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. ताईच्या कपाळावर घाम आला होता, गळ्यावर ओघळत होता.

"मला बघायचंय," ती म्हणाली. "माझं आहे."

चिटणीस एकदा मागच्या रांगेकडे बघत होते, एकदा तिच्या मुठीकडे. तिचा हात बाजूला करणं कुणालाही सहज जमलं असतं. मी चिटणीस आणि ताईच्या मध्ये उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायची गरज वाटली नाही.

अखेर चिटणीस म्हणाले, एकच माणूस बरोबर, आणि डोक्यावर शिरस्त्राण घालावं लागेल. पिवळी शिरस्त्राणं आणली. एक ताईच्या डोक्यावर घातलं, पट्टा हनुवटीखाली लावला, एक मी घातलं. मग ताईने ब्रेक सोडला.

आतल्या भिंती उघड्या पडत चालल्या होत्या. माणसं शिड्यांवर चढून चौकटी खाली देत होती, खाली कागद सोडवून गुंडाळत होती. पहिल्या दालनात नामांकितांचे कागद अजून लटकत होते, दोन दोन माणसं उंच. ताई त्यांच्याकडे बघत नव्हती. चिटणीस पुढे जवळजवळ धावत होते. नवीन निवडलेल्यांची दालनं अगदी शेवटी, सामानाच्या लिफ्टजवळ. मी ढकलत होते आणि मनात म्हणत होते, असू दे, असू दे, असू दे.

शेवटचं दालन रिकामं होतं.

चारी भिंती पांढऱ्या. आकड्यांच्या छोट्या चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या होत्या आणि एक कारागीर शिडीवर चढून हुक काढत होता. सामानाची लिफ्ट जवळ म्हणून हे दालन सगळ्यात आधी मोकळं केलं होतं. चिटणिसांनी फोन लावला, बोलले, परत लावला. कुरियरची पहिली गाडी निघून गेली होती. ताईचा कागद चौकटीतून सोडवून, गुंडाळून, त्या गाडीत गेला होता. चिटणीस माझ्यासमोर येऊन कमरेत वाकले. तो माणूस वाईट नव्हता हो. मी खुर्चीच्या मुठी धरून रडायला लागले, लहान पोरीसारखी, शिरस्त्राण घालून.

ताईने भिंतीकडे बघितलं. "कुठे होता?" तिने विचारलं.

चिटणिसांनी चिठ्ठ्या शोधल्या. कोपऱ्यापासून चौथी, तिच्यावर तिचं नाव. मी खुर्ची तिथे नेली, जवळ गेले तर ती म्हणाली, मागे. मागे घेतली. अजून मागे. दालनाच्या मधोमध आल्यावर तिने हात उचलला.

"वरचं टोक?"

शिडीवरचा माणूस काय चाललंय ते ऐकत होता. पन्नाशीचा असेल, कमरेला हत्यारांचा पट्टा. त्याने काही न विचारता शिडी सरकवली, वर चढला आणि भिंतीवर हाताचा पंजा टेकवला. इथे, म्हणाला.

"खाली?"

चिटणीस सूट घातलेले, तसेच गुडघ्यांवर बसले आणि जमिनीपासून टीचभर वर पंजा टेकवला.

ताईने मान मागे टाकली. वरच्या पंजापासून सुरुवात केली आणि वाचायला लागली. शब्द जड होते, अडत होते. एकेक अक्षर ती त्याच्या जागेवर बघून म्हणत होती, नजर हळूहळू खाली येत होती, तळाशी पोचली की दुसऱ्या उभ्या ओळीसाठी परत वर जात होती. त्या कागदावर काय लिहिलंय हे आम्ही कुणी तिला कधी विचारलंच नव्हतं. मी समजत होते, सगळे लिहितात तसं चिनी कवींचं चंद्र-पर्वत असणार. तिचंच होतं.

पाचशे ताटं रिकामी झाली.
एक मूल दारातून परत आलं, म्हणालं,
काकू, तुम्ही जेवलात?

शेवटी खाली डावीकडे तिने स्वतःचं नाव वाचलं. हात्सुए. नजर तिथे थांबली, चिटणिसांच्या बोटांपाशी.

मला वाटलं झालं. मी मुठींवर हात ठेवले. शिडीवरचा माणूस एका पायावर तोल सांभाळत ताणून उभा होता, त्याचा हात भरून आला होता आणि दंड थरथरत होता. ताईला तो दिसत होता. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, मग त्याच्या पंजाकडे, आणि परत वरून वाचायला सुरुवात केली.